दुकानावरचं जीवशास्त्र

आमच्या तांत्रिक विद्यालयाच्या फाटकावर एक पत्र्याचा फलक होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर संस्थेचं नाव, त्याखाली अध्यक्षसाहेबांचं नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठं, मग ‘अकरावी-बारावी विज्ञान’ आणि खाली विषयांची रांग : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स. शेवटी ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ हे दोन शब्द लाल रंगात. दहावीचा निकाल लागल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन त्या फलकासमोर उभे राहिले आणि बोट फिरवत एकेक विषय मोठ्यानं वाचू लागले. जीवशास्त्रावर बोट आलं तसे थांबले.

“हे बघ, हाय की,” ते म्हणाले. “मग लातूर कशाला पायजे?”

त्या एका ‘हाय’वर माझं शिक्षण उभं राहिलं आणि त्याच ‘हाय’वर आडवं झालं.

मला नर्स व्हायचं होतं. लोकांना वाटतं, नर्स व्हायचं म्हणजे सेवेची आवड असणार. माझ्या डोक्यात सेवा वगैरे काही नव्हतं. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात एक सिस्टर होत्या. एकदा मी आईसोबत तिथं रांगेत बसले होते, तेव्हा सरपंचाचा भाऊ नेहमीप्रमाणे रांग मोडून आत घुसला. सिस्टरांनी हातातली सुई खाली न ठेवता त्याला सांगितलं, की बाहेर बसा, नंबर आला की बोलावते. आणि तो बसला. शिरूर कासारकडच्या आमच्या भागात असला माणूस एका बाईच्या सांगण्यावरून बाकावर बसतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला तो अधिकार पाहिजे होता. मी सिस्टरांना विचारलं, तुमच्यासारखं व्हायला काय शिकावं लागतं? त्यांनी सांगितलं, की आता बी.एस्सी. नर्सिंग कर, त्याला किंमत आहे, पण त्यासाठी बारावीला जीवशास्त्र असायलाच पाहिजे, नाहीतर दारातही उभं करत नाहीत. हे मी तेव्हाच घरी येऊन आप्पांना सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला माहीत नव्हतं, अशातली ही गोष्ट नाही.

आप्पांचा त्या शाळेवर जीव होता, कारण ते स्वतः तिथंच शिकले होते. त्यांच्या काळी ते खरोखरच तांत्रिक विद्यालय होतं. कार्यशाळेत लेथ फिरायचे, कानस घासून घासून पोरांच्या हाताला घट्टे पडायचे. नववीत असताना आप्पांनी तिथं लोखंडाची एक हातोडी बनवली होती. पुढे आमची पिठाची गिरणी त्यांनी त्याच शिक्षणावर उभी केली. पट्टा चढवण्यापासून मोटार उघडण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे, आणि गिरणीच्या दगडाला टाकी लावायला अजून तीच हातोडी वापरतात. शाळेबद्दल कुणी वाकडं बोललं की आप्पा वाद घालत नसत. आत जाऊन हातोडी आणून दाखवत. आता हातोडीपुढे माणूस काय बोलणार?

माझ्या वेळेला त्या कार्यशाळेत संस्थेच्या कार्यक्रमांचं सामान असायचं. लेथवर गाद्यांचा ढीग, टेबलांवर घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात मंडपाचे खांब. मी हे आप्पांना सांगितलं तर म्हणाले, पावसाळ्यापुरतं ठेवलं असंल.

अकरावी विज्ञानाची तुकडी कागदावर भरगच्च होती. वर्गात आम्ही मोजकी डोकी. बाकीच्यांत दोन प्रकारची पोरं होती. ज्यांच्या घरी बऱ्यापैकी होतं ती पोरं नाव इथं लावून लातूरला क्लासला राहत होती, परीक्षेपुरती उगवायची. आणि ज्यांच्या घरी काहीच नव्हतं ती दसरा झाला की आईबापांसोबत टोळीच्या ट्रॅक्टरवर बसून उसाच्या फडात जायची. एक डॉक्टर होण्यासाठी गैरहजर, एक कोयता धरण्यासाठी. हजेरीत मात्र दोघंही हजर. मधली आम्ही चार पोरं, ज्यांना ना लातूर परवडत होतं ना ज्यांच्यावर फडात जायची वेळ आली होती, ती रोज डबा घेऊन शाळेत यायची. आणि शाळेला आमचीच अडचण व्हायची, कारण आमच्यामुळे कुणाला तरी वर्गात यावं लागायचं.

भौतिकशास्त्राचे सर यायचे. रसायनशास्त्राच्या मॅडम बीडहून बसनं यायच्या, बस आली तर. जीवशास्त्राचा तास वेळापत्रकात रोज होता आणि रोज मोकळा जात होता. बाकी तिघांना त्याचं काही नव्हतं, मी मात्र पहिला महिना वाट पाहिली. मग मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, सर येतील, नियोजन चाललंय. नियोजन चाललंय हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. गळक्या छतालाही ते तेच म्हणायचे. शेवटी शिपाईमामांना माझी दया आली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझे सर एसटी स्टँडसमोरच्या खताच्या दुकानात बसतात, तिथं जाऊन विचार.

मी गेले. आत युरियाच्या गोण्या, कपाटात औषधांच्या बाटल्या आणि नाकात झोंबणारा वास. गल्ल्यामागे चष्मा लावलेला एक तरुण माणूस बसला होता. मी सांगितलं, की मी अकरावीची, जीवशास्त्राची. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी उधारी मागायला आले होते.

“मग हितं कावून आलीस?” त्यानं विचारलं.

“शिकायला,” मी म्हणाले.

सर हसले. चांगल्या मनानं हसले, हे मी नाकारणार नाही. मग एक गोणी पुढं सरकवून म्हणाले, बस. असं माझं जीवशास्त्र सुरू झालं.

सर अध्यक्षसाहेबांच्या बहिणीचे चिरंजीव. एम.एस्सी. झालेले, तेही चांगल्या मार्कांनी. नोकरी मामांनी दिली, दुकानही मामांचंच. पगार शाळेचा आणि बसणं दुकानात, अशी व्यवस्था त्यांनी मागितली नव्हती, पण नाकारलीही नव्हती. शाळा सुटली की मी स्टँडवर यायची आणि बस लागेपर्यंत गोणीवर बसून शिकायची. पुस्तक इंग्रजीत होतं, त्यातलं मला निम्मं कळत नव्हतं. सर ते आमच्या बोलीत सांगायचे. मध्येच कुणी शेतकरी पिशवीत रोगट पान घालून आणायचा. सर ते पान आधी त्याला समजावून सांगायचे, मग मला. एकदा एकानं लाल पडलेलं कपाशीचं पान आणलं. त्याला लागणारं खत देऊन सरांनी ते पान ठेवून घेतलं आणि मला सांगितलं, की हिरव्या रंगाच्या कणाच्या अगदी मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. तो कमी पडला की घर कोसळतं, पानाचा हिरवा रंग जातो आणि आमचे लोक म्हणतात लाल्या आला. मी ते पान वहीत घालून घरी नेलं. आईला दाखवलं, गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांना दाखवलं. त्या दिवशी मला वाटलं होतं, की हे जमणार.

सर शिकवायला लागले की गिऱ्हाईक विसरायचे. वहीच्या मागच्या पानावर पेशी काढायचे, खोडायचे, पुन्हा काढायचे. एक दिवस म्हणाले, “वर्गात तुझ्यासारखी धा पोरं असती ना, तर मी रोज आलो असतो.” तेव्हा मला ते ऐकून फार भारी वाटलं होतं. आता वाटतं, किती सोयीचं बोलणं. ते रोज आले असते तर दहा झाली नसती का? पण सोळा वर्षांच्या पोरीला कुणी ‘तुझ्यासारखी’ म्हटलं की तिची अक्कल तिथंच थांबते.

दिवाळी झाली, गाव निम्मं रिकामं झालं, आमची गिरणीही दुपारीच बंद व्हायला लागली, आणि त्याच सुमारास शाळेत बातमी आली, की शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार आहेत.

मग जी धावपळ उडाली ती पाहण्यासारखी होती. कार्यशाळेतल्या गाद्या मंदिराच्या सभामंडपात गेल्या. लेथला तेल लावलं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेची किल्ली कुणालाच सापडेना, तेव्हा कार्यशाळेतून हातोडा आणून कुलूप फोडलं. त्या कार्यशाळेतून माझ्या वेळेला झालेलं तेवढंच एक काम मला आठवतं. आत टेबलांवर बोटभर धूळ. काचेच्या बरणीत कधीकाळी सोडलेला बेडूक, ज्याचं पाणी आटून तो बरणीला चिकटला होता. बेंच भरण्यासाठी नववीतली उंच पोरं निवडून आणली आणि त्यांना पांढरे अ‍ॅप्रन घातले. ती बिचारी एकमेकांकडे बघून हसत होती. सर सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले, तर व्हरांड्यातली पोरं, हेच तपासणीचे साहेब असं समजून उभी राहिली आणि एका सुरात नमस्ते म्हणाली. सरांनी मान खाली घातली. तेवढं त्यांना लागलं असावं.

माझा अ‍ॅप्रन मात्र स्वतःचा होता. आईनं घरच्या मशीनवर शिवला होता. घाईत तिनं खिसा डावीकडे लावायचा तो उजवीकडे लावला होता. मी रडले, तर म्हणाली, खिसा हाय ना, मग कुठं का असंना.

मला सगळ्यात पुढं बसवलं. इतर सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, की विचारलं तर ‘सर रोज तास घेतात’ एवढंच म्हणायचं. मला कुणी काही पढवलं नाही. हीच तेवढी खरी विद्यार्थिनी, हिला काय शिकवायचं, असं मुख्याध्यापकांना वाटलं असेल. साहेब यायच्या आधी शाळेच्या क्लार्कनं मोबाइलवर फोटो काढायला घेतले. एकुलता एक सूक्ष्मदर्शक पुसून माझ्यासमोर ठेवला आणि मला त्यात डोकावायला लावलं. “वाक. अजून वाक. हालू नको,” तो म्हणत होता.

मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात पाहत होते. खालचा आरसा फुटलेला होता, हे मला नंतर कळलं. आत अंधार होता आणि त्या अंधारात काहीतरी काळं, केसाळ हलत होतं. मला वाटलं, जीवाणू. मी श्वास रोखून पाहत राहिले. मग माझी पापणी लवली आणि ते काळंही लवलं. मी माझ्याच पापण्या पाहत होते. फोटो झाला.

साहेब आले. जाडजूड, हसतमुख, आधीच चहा झालेला. भिंतीवरचे तक्ते पाहिले, बेडकापाशी थांबून पुढं गेले आणि माझ्यासमोर आले. सहज विचारावं तसं विचारलं, की पान हिरवं का असतं? मी उभी राहिले. हरितद्रव्य सांगितलं, मॅग्नेशियम सांगितलं, तो कमी पडला की कपाशीवर लाल्या कसा येतो तेही सांगितलं. साहेबांचे डोळे मोठे झाले. ते मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाले, वा, पुस्तकात नसलेलं सांगितलं पोरीनं. माझ्या बाजूला सर उभे होते. मला इतका अभिमान वाटला, की सरांचंही कौतुक व्हावं म्हणून मी न विचारताच बोलले.

“सरांनी पान दाखवलं होतं.”

“कुठं, इथं प्रयोगशाळेत?”

“न्हाई सर, दुकानावर. सर रोज तिथंच असतात. लई चांगलं शिकवतात.”

नववीतलं एक पोरगं फिसकन हसलं आणि गप्प झालं. साहेब माझ्याकडे, मग सरांकडे, मग छताकडे बघत राहिले. मुख्याध्यापक म्हणाले, चला, जेवण तयार आहे. आणि सगळे गेले.

या प्रसंगावरून मला पुढं किती जणांनी किती बोल लावले, त्याला गणती नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तुला काय गरज होती. क्लार्क म्हणाला, शाळेचं नाव घालवलंस. मी तेव्हाही मान्य केलं नाही आणि आजही करत नाही. एका माणसानं मला मनापासून शिकवलं होतं आणि त्याचं श्रेय मी त्याला चारचौघांत दिलं. ज्या गावात हे सांगितल्यानं माणूस अडचणीत येतो त्या गावानं लाज धरावी, मी का धरू?

साहेब अध्यक्षसाहेबांच्या घरी जेवले, ढेकर देऊन गाडीत बसले. पण काहीतरी लिहिणं त्यांना भाग होतं, म्हणून जीवशास्त्राचे तास नियमित होत नाहीत असं लिहिलं. संस्थेनं त्यावर जो उपाय काढला तो आमच्याकडेच निघू शकतो. सरांना वर्गात पाठवण्याऐवजी जीवशास्त्रच बंद केलं. बारावीला हा विषय राहणार नाही, असं सांगण्यात आलं. सरांना कागदोपत्री खालच्या वर्गांचं सामान्य विज्ञान मिळालं आणि ते दुकानात बसत राहिले. ज्यांना जीवशास्त्र हवंय त्यांनी दाखला काढून दुसरीकडे जावं. लातूरच्या पोरांना काही फरक पडला नाही. त्यांची नावं एका गठ्ठ्यात शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात गेली. ती तिथंही जाणार नव्हतीच. ज्यांची नुसती नावं होती त्यांची नावं हलली. मला मात्र रोज अंगानं हलायचं होतं, आणि त्या कॉलेजला आमच्याकडून वेळेवर एकही बस नव्हती.

मी सरांकडे गेले. मला वाटत होतं, ते मामांना सांगतील. निदान एक वाक्य : मामा, ही पोरगी खरंच शिकते, हिच्यापुरता विषय ठेवा, मी जातो वर्गात. मी गोणीवर बसायला गेले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“आता येत जाऊ नकोस,” ते म्हणाले. “मला तुझा राग न्हाई. पण कुणी बघितलं तर परत माझ्यावरच येईल.”

मी विचारलं, मग माझं काय? त्यांनी एका गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी दिली, ती कशी पेरायची ते समजावलं, औषध किती टाकायचं तेही सांगितलं. त्याचं सगळं सांगून होईपर्यंत मी उभी होते. तो गेल्यावरही सरांनी वर पाहिलं नाही. मला त्या क्षणी मुख्याध्यापकांपेक्षा, अध्यक्षसाहेबांपेक्षा या माणसाचा जास्त संताप आला. बाकीच्यांकडे द्यायला काही नव्हतंच. याच्याकडे होतं.

घरी आई म्हणाली, पोरीला बीडला माझ्या भावाकडं ठेवा, तिथलं कॉलेज चांगलं आहे. आप्पा म्हणाले, आधी साहेबांना भेटून येतो. अध्यक्षसाहेबांना. धुतलेला सदरा घालून, कपाळाला विभूती लावून गेले. माझ्याकडून त्यांनी वदवून घेतलं, की काय काय सांगायचं. मी दोनदा सांगितलं. जीवशास्त्राशिवाय नर्सिंग नाही, एवढं एकच लक्षात ठेवा, असं मी त्यांना म्हणाले.

संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उजळलेला. मला वाटलं, काम झालं. आप्पा ओट्यावर बसले आणि आईला सांगू लागले, की साहेबांनी ओळखलं. इतक्या वर्षांनी. आपल्या शाळेचा जुना विद्यार्थी म्हणून बाकीच्यांना ओळख करून दिली, खांद्यावर हात ठेवला, कपबशीतून चहा दिला. मी विचारलं, विषयाचं काय झालं?

“इलेक्ट्रॉनिक्स घे म्हणले. हातात कसब येतं, प्रॅक्टिकलला मार्क पडतात.”

“आप्पा, नर्सिंगला जीवशास्त्र लागतंच.”

“साहेब म्हणले, पुढं काय अडत न्हाई. मी हाय म्हणले.”

मी ओरडले, की साहेब काय नर्सिंग कॉलेज चालवतात का? आप्पांनी मला मारलं नाही. त्यांनी कधीच हात उचलला नाही. आत जाऊन हातोडी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. तांत्रिक विषयानं माझं भलं झालं, तुझं कावून होणार न्हाई, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सायन्स म्हणजे सायन्स. त्यात हे शास्त्र आणि ते शास्त्र असा भेद त्यांना पोरकटपणा वाटायचा. आई त्या रात्री जेवली नाही. पण आमच्या घरात आईच्या उपाशी राहण्यानं कधी काही बदललं नव्हतं.

मी बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. तारा जोडल्या, दिवा पेटवला. आप्पा खूश. प्रॅक्टिकलचे मार्क सगळ्यांना सारखेच मिळाले, अगदी ज्यांनी सोल्डरिंगची कांडी कधी हातात धरली नव्हती त्यांनाही. निकाल चांगला लागला. पेढे वाटून झाल्यावर आप्पा मला घेऊन नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करायला बीडला गेले. खिडकीतल्या माणसानं गुणपत्रिका वरून खाली पाहिली, परत दिली आणि म्हणाला, जीवशास्त्र नाही, चालणार नाही.

आप्पा हलले नाहीत. मग म्हणाले, बरं. जे मी वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगत होते, ते खिडकीतल्या अनोळखी माणसानं एका वाक्यात सांगितलं आणि त्यांना लगेच पटलं. परतीची बस चौसाळ्याकडून आलेली, गर्दीची होती, त्यांनी मला जागा धरून दिली आणि स्वतः दांड्याला धरून उभे राहिले. घरी आल्यावर त्या दिवसाबद्दल आमच्यात आजवर बोलणं झालेलं नाही. मी त्यांना माफ केलंय का? निम्मं. त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, त्यांना बघून निम्मं करते. उरलेलं होत नाही.

आता मी बीडमध्ये एका खासगी दवाखान्यात केसपेपरच्या काउंटरवर असते. समोरून दिवसभर नर्स जातात-येतात. त्यातल्या निम्म्या माझ्यापेक्षा लहान. त्या वरून हाक मारतात, ताई, तेवढा पेशंट वर पाठवा. मी पाठवते. रांग मोडून कुणी पुढाऱ्याचा माणूस आला, तर मी त्याला बसा म्हणते, पण तो बसत नाही. सिस्टर आल्या की बसतो.

मागच्या वर्षी निकालाच्या दिवसांत आप्पांचा फोन आला. आवाज उत्साहाचा.

“अगं, तुझा फोटू लागलाय शाळेच्या फाटकावर. लई मोठा.”

मला कळेना. ते म्हणाले, की जुना फलक काढून रंगीत फ्लेक्स लावलाय, त्यात सूक्ष्मदर्शकात बघणारी पोरगी आहे, आणि तिचा खिसा उजवीकडे आहे. तोंड दिसत नसलं तरी खिशावरून मी लगेच ओळखलं, म्हणाले. दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं. पुढच्या सुट्टीला गावी गेले तेव्हा स्टँडवर उतरून आधी तिकडे गेले.

खरंच मी होते. फाटकाच्या रुंदीची. पांढरा अ‍ॅप्रन, चुकीच्या बाजूचा खिसा, वाकलेलं डोकं. बाजूला विषयांची तीच रांग, मध्यंतरी बंद केलेलं जीवशास्त्र आता सगळ्यांत वर, आणि खाली ‘सुसज्ज प्रयोगशाळा’. येताना स्टँडसमोरच्या दुकानात सर बसलेले दिसले होते, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही.

फ्लेक्सखाली एक माणूस आपल्या मुलीला घेऊन उभा होता. बोट फिरवत एकेक विषय मोठ्यानं वाचत होता. पोरगी दोन वेण्यांची, नुकतीच दहावी झालेली. मला राहवलं नाही. मी जवळ जाऊन सांगितलं, की दादा, इथं जीवशास्त्राला सर नाहीत. आधीही नव्हते. पोरीला पुढं डॉक्टरकी-नर्सिंग करायचं असेल तर इथं घालू नका.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग फ्लेक्सकडे बोट केलं.

“न्हाई कसं, ताई? मग ही पोरगी काय बघतीय?”

“स्वतःच्या पापण्या,” मी म्हणाले. “ती मीच आहे. आत दुसरं काही दिसत नव्हतं.”

त्यानं एकदा फ्लेक्सवरच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. दोन्हींचा मेळ बसेना. बाई जरा ढिली दिसतीय, असं त्याच्या चेहऱ्यावर सरळ उमटलं. पोरगी मात्र माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं. पण त्यानं तिच्या दंडाला धरलं, “चल, हाय म्हणून लिवलंय की,” असं म्हणाला आणि दोघं माझ्या फोटोखालून फाटकाच्या आत गेले.